वाटी घडते ती आकसून

स्टीलची वाटी म्हणजे पत्रा ताणून खोलगट केलेला, असा आपला समज असतो. पत्रा दाबणाऱ्या यंत्रासमोर, म्हणजे प्रेससमोर, उभं राहून पाहिलं तरी तसंच दिसतं. खाली तोंड उघडं असलेली डाय (पोकळ साचा), तिच्यावर गोल चकती (भांड्यांच्या धंद्यात तिला ‘सर्कल’ म्हणतात), वरून पंच (साच्यात शिरणारा ठोकळा) उतरतो आणि क्षणात वाटी तयार. पण थोडं गणित केलं की चित्र पालटतं.

सरळ भिंतीची, 8 सेमी रुंद आणि 6 सेमी उंच वाटी घ्या. तिला सुमारे 16 सेमी व्यासाचं सर्कल लागतं. सर्कलचा घेर 50 सेमी, वाटीच्या तोंडाचा 25. म्हणजे कडेच्या धातूला निम्म्या घेरात मावायचं असतं! तो ताणला जातो उंचीच्या दिशेने, घेरात मात्र चेपला जातो. थोडा जाडीतही जातो; म्हणून काठ मूळ पत्र्याहून जाड भरतो आणि बुडाच्या वळणापाशी भिंत सर्वांत पातळ होते.

आकसणारी कड मोकळी सोडली तर तिला साडीसारख्या निऱ्या पडतात. त्यासाठी सर्कलची कड वरून एका जाड कडीने दाबून धरतात. दाब कमी पडला की निऱ्या, जास्त झाला की कड आत सरकतच नाही आणि वाटी बुडाच्या वळणावर फाटते. डाय बनवणाऱ्याचं कसब इथे लागतं. डायच्या तोंडाची गोलाई किती ठेवायची, वंगण कोणतं वापरायचं, पंच आणि डाय यांच्यातली फट पत्र्याच्या जाडीपेक्षा किती जास्त हवी, या सगळ्यावर निकाल ठरतो. मोजमापाच्या उथळ चमच्यात ही कटकट कमी. तिथे कड फारशी सरकत नाही, पत्रा खरोखरच ताणला जातो.

सर्कलचा व्यास वाटीच्या साधारण दुपटीपर्यंत असला तरच एका दाबात काम होतं. आपली वाटी या मर्यादेवरच आहे. पेल्यासारखं खोल भांडं दोन-तीन टप्प्यांत ओढावं लागतं. प्रत्येक टप्प्यात धातू कडक होत जातो, तेव्हा मध्ये गरज पडेल तसा तो भट्टीत तापवून मऊ करतात. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं तांबं पुन्हा भट्टीत जातं, तेही याचसाठी.

स्टीलमध्ये कडक होण्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या 304 जातीच्या स्टीलला लोहचुंबक एरवी धरत नाही. दाबाखाली मात्र त्यातल्या काही भागाची अणुरचना बदलते, मार्टेन्साइट नावाचं वेगळ्या रचनेचं स्टील तयार होतं आणि त्याला चुंबक धरतो. काठाची ओढाताण सर्वांत जास्त, म्हणून तिथे चुंबक किंचित धरतो, बुडाला नाही. एवढ्यावरून वाटीला खोटी ठरवणं चूक आहे. बुडालाही घट्ट चिकटला तर ते बहुधा निकेल नसलेलं 430 जातीचं स्टील असतं; तेही स्टेनलेसच. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीलला गंज लवकर धरू शकतो, पण त्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही. दुकानात खिशातून चुंबक काढणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच स्टील चकवतं.