मंदगती खते आणि मराठवाड्यातील शेती

ज्या खतांतील अन्नद्रव्ये, मुख्यतः नत्र (नायट्रोजन), जमिनीत पडताच एकदम न सुटता काही आठवडे ते काही महिने पिकाला थोडी थोडी मिळत राहतात, ती मंदगती किंवा स्लो रिलीज खते. युरोपातील प्रचलित निकषानुसार 25 अंश सेल्सिअसला पहिल्या 24 तासांत 15 टक्क्यांहून अधिक आणि 28 दिवसांत 75 टक्क्यांहून अधिक अन्नद्रव्य सुटता कामा नये.

मराठवाड्याच्या जमिनीत या खतांची गरज कशी पडते, हे युरियाच्या वाटचालीवरून कळते. युरियात 46 टक्के नत्र असते. ओल मिळताच मातीतील युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) काही दिवसांतच त्याचा अमोनिया होतो. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या इथल्या काळ्या जमिनी बहुतांशी चुनखडीयुक्त आहेत आणि त्यांचा सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5, म्हणजे अल्कधर्मी असतो. अशा जमिनीवर युरिया नुसता फोकून दिला, तर नत्राचा मोठा वाटा वायुरूपाने उडून जातो. मातीत राहिलेले अमोनियम काळ्या चिकणमातीच्या कणांना धरून राहते, पण जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. जोराच्या पावसात ते मुळांच्या खाली उतरते. शेतात पाणी साचले, तर विनत्रीकरण होऊन, म्हणजे जिवाणूंमुळे त्याचा वायू बनून, ते पुन्हा हवेत जाते.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे खत हप्त्याहप्त्याने देणे. कोरडवाहू कपाशीला नत्राचा काही भाग लागवडीच्या वेळी आणि उरलेला पुढच्या दोन महिन्यांत वरखत म्हणून देतात. अडचण पावसाची आहे. ऑगस्टमध्ये खंड पडला की ओल नसते. सप्टेंबरात झड लागली की वाफसा येत नाही, शेतात पाय ठेवता येत नाही. पाते आणि बोंडे धरण्याच्या ऐन वेळी हप्ता चुकतो. मंदगती खताचा इथला खरा उपयोग हा चुकलेला हप्ता काही प्रमाणात भरून काढण्याचा आहे. खतबचत त्यानंतर येते. मात्र कोरड्या मातीत कोणताही दाणा विरघळत नाही, त्यामुळे लांबलेल्या खंडावर हा उतारा नव्हे.

या खतांचे ढोबळ तीन प्रकार होतात. युरिया फॉर्मल्डिहाइडसारखी संयुगे मुळातच कमी विरघळतात. दुसऱ्या प्रकारात दाण्यावर गंधकाचे किंवा पॉलिमरचे आवरण असते. तिसऱ्या प्रकारात दाणा लगेच विरघळतो, पण त्यातील द्रव्य नायट्रेट बनण्याचा वेग कमी करते. काटेकोर वर्गीकरणात हा तिसरा गट वेगळा मानतात. शेतकऱ्याच्या हाती सर्वाधिक येणारा निंबोळीयुक्त युरिया याच गटातला.

कडुनिंबातील मेलियासिन गटातील द्रव्ये नायट्रोसोमोनास जिवाणूंना, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होण्याची सुरुवात करणाऱ्या जिवाणूंना, आवर घालतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1970 च्या दशकापासून यावर काम झाले आणि 2015 पासून देशातील सर्व अनुदानित युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. लेपाचे किमान प्रमाण 0.035 टक्के, म्हणजे 45 किलोच्या गोणीत सुमारे 16 ग्रॅम तेल. एवढ्या लेपाने वेग काहीसा मंदावतो, पण महिनोन्‌महिने नत्र पुरेल अशी अपेक्षा धरू नये. अमोनिया उडण्याचा धोकाही तो टाळत नाही. म्हणून हा युरियाही ओळीच्या बाजूला पेरून मातीने झाकणेच योग्य.

2023 मध्ये गंधक लेपित युरिया 'युरिया गोल्ड' या नावाने आला. त्यात 37 टक्के नत्र आणि 17 टक्के गंधक असते. तेलबिया आणि कडधान्यांच्या या पट्ट्यात गंधकाचा फायदा उघड आहे. सोयाबीनचा हिशेब मात्र वेगळा. मुळांवरील गाठींत ते स्वतःचे बरेचसे नत्र मिळवते, त्यामुळे त्याला महागडे मंदगती नत्र देणे व्यर्थ आहे. कपाशी आणि ऊस, तसेच वसमत भागातील आठ-नऊ महिने शेतात राहणारी हळद, ही खरी गरजू पिके. जालन्याच्या मोसंबी बागांत ठिबक असेल, तर पाण्यातून वारंवार थोडे खत देऊन जवळपास तेच साधते.

स्फुरदाबाबत (फॉस्फरसबाबत) एक सावधगिरी हवी. रॉक फॉस्फेट सावकाश लागू होते, पण त्यासाठी जमीन आम्लधर्मी लागते. चुनखडीच्या काळ्या रानात ते जवळजवळ तसेच पडून राहते.

पॉलिमर लेपित खतांत सुटण्याचा वेग मुख्यतः तापमानावर ठरतो. 21 ते 25 अंशांना धरून लिहिलेली मुदत मराठवाड्यातील तापलेल्या मातीत कमी भरते, त्यामुळे पाकिटावरचे महिने जसेच्या तसे मानू नयेत. ही खते रोपवाटिका, कुंड्या आणि पॉलिहाऊसमध्ये परवडतात. युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळत असताना कोरडवाहू कपाशीत ही लेपित खते परवडणे कठीण आहे. शिवाय खत संपल्यावर प्लास्टिकची रिकामी टरफले मातीतच उरतात, आणि काळ्या रानाचा विचार पिढ्यांच्या हिशेबाने करायचा तर हा दोष किमतीपेक्षा मोठा आहे.