गोळी किंचित वाकते

सायबर कॅफेत माउस धरून काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या आमच्या टोळक्याला अंगठ्यांनी काठ्या हलवून खेळायचा कंट्रोलर म्हणजे पोरखेळ वाटायचा. मग एका मित्राच्या मामेभावाने सुट्टीला येताना अमेरिकेहून पहिला एक्सबॉक्स आणला, मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल. काळाकभिन्न, अवजड खोका, सोबत ११० व्होल्टसाठी गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर आणि एकच डिस्क: 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड', परग्रहावरच्या शत्रूंशी लढायचा नेमबाजीचा खेळ. पहिली दहा मिनिटं मी आधी छताकडे, मग स्वतःच्या बुटांकडे, मग पुन्हा छताकडे बघत मेलो. तिसऱ्या संध्याकाळी मात्र धावता धावता वळून, ढाल उतरलेल्या एका एलिटच्या, म्हणजे परग्रहावरच्या योद्ध्याच्या, डोक्यात पिस्तुलाची गोळी घातली आणि सोफ्यावरून उठून नाचलो.

ती गोळी पूर्णपणे माझी नव्हती, हे कळायला बरीच वर्षं गेली. कळलं तेव्हा राग आला नाही. उलट हेलो जास्तच आवडायला लागला.

माउस आणि कंट्रोलर यांतला फरक नुसत्या सवयीचा नाही. माउस चार सेंटिमीटर सरकवला की दृश्य ठरावीक अंशांनी वळतं, हात थांबला की तेही थांबतं. कॅरमचा स्ट्रायकर रेषेवर सरकवावा तसं: बोट जिथे, स्ट्रायकर तिथे. कंट्रोलरच्या काठीचं गणितच वेगळं. काठी किती कलली यावरून दृश्य किती वळेल हे ठरत नाही, किती वेगाने वळेल ते ठरतं. थोडक्यात, तो नळ आहे. नळ जास्त फिरवला की धार मोठी होते, पण बादली किती भरली ते नळाकडे बघून कळत नाही. बादली नेमकी काठापर्यंत भरायची तर योग्य क्षणी नळ बंद करावा लागतो. हेलोत तो काठ म्हणजे शत्रू. अंगठा क्षणभर उशिरा सुटला की पाणी सांडलं, म्हणजे क्रॉसहेअर (पडद्यावरचं नेमाचं चिन्ह) शत्रूला ओलांडून मागच्या खडकावर. शिवाय इथे बादली पळत असते आणि उलट गोळ्याही झाडते.

त्यात काठीचा मध्यापासूनचा प्रवास जेमतेम सेंटिमीटरभर. माउसला मनगट, कोपर, अख्खा हात मिळतो. इथे सगळा कारभार एकट्या अंगठ्याकडे.

या अडचणीचं मोजमाप हेलोच्या जवळपास अर्धशतक आधीच झालं होतं. पॉल फिट्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी वैमानिकांच्या चुकांचा अभ्यास केला, आणि माणसाच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी चुका खरं तर कॉकपिटच्या मांडणीच्या आहेत हे दाखवलं. १९५४ साली त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. समोर धातूच्या दोन पट्ट्या, हातात टोकदार सळई. जमेल तितक्या झपाट्याने आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांवर टोचत राहायचं. पट्ट्या दूर नेल्या की वेळ जास्त लागे, अरुंद केल्या तरी जास्त लागे. हे कोणीही सांगितलं असतं. फिट्स यांना सापडलं ते त्यामागचं सूत्र: अंतराच्या दुपटीला रुंदीने भागायचं आणि त्याचा दोनाच्या पायाचा लॉगॅरिथम घ्यायचा. नेम धरायला लागणारा वेळ त्या आकड्याप्रमाणे वाढतो.

टीव्हीवर मांडून बघू. क्रॉसहेअरपासून शत्रू ४० सेंटिमीटर दूर आहे आणि तो ५ सेंटिमीटर रुंद आहे. ४० ची दुप्पट ८०, भागिले ५, म्हणजे १६. सोळा हा दोनाचा चौथा घात, म्हणून हा नेम ४ बिट अवघड (बिट हे या अवघडपणाचं माप). शत्रू १० सेंटिमीटर रुंद केला की उत्तर ८, म्हणजे ३ बिट. एक बिट स्वस्त. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अंगठ्याच्या काठीलाही हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, फक्त तिथे प्रत्येक बिटाला माउसपेक्षा जास्त वेळ मोजावा लागतो.

हेलोच्या आधी कन्सोलवर नेमबाजी नव्हती असं नाही. १९९७ चा गोल्डनआय ००७ निन्टेंडो ६४ वर एकाच काठीने खेळत, आणि तो खेळ बराचसा नेम स्वतःच धरून देई. २००० साली प्लेस्टेशनवर आलेल्या एलियन रेझरेक्शनमध्ये डाव्या काठीने चालायचं आणि उजवीने बघायचं, ही आज सगळीकडे असलेली मांडणी होती. तेव्हा एका समीक्षकाने नेमकी तिच्यावरच सडकून टीका केली. त्याला हसू नका. पहिल्या दिवशी छताकडे बघत मेलेला माणूस त्याचं दुःख समजू शकतो.

हेलो बनवणारी बन्जी ही १९९१ साली शिकागोत सुरू झालेली कंपनी, मुख्यतः ॲपलच्या मॅकसाठी खेळ करणारी. १९९९ साली हेलो पहिल्यांदा जगाला दाखवला तो स्टीव्ह जॉब्झ यांनी, मॅकवर्ल्ड प्रदर्शनाच्या मंचावर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बन्जी विकत घेतली, आणि माउससाठी चाललेला खेळ १५ नोव्हेंबर २००१ ला एक्सबॉक्ससोबत बाजारात आला. माउसवरून अंगठ्यावर, म्हणजे स्ट्रायकरवरून नळावर यायचं होतं. हे स्थित्यंतर त्यांनी कसं पार पाडलं ते मला त्या खेळाच्या ग्राफिक्सपेक्षा मोठं वाटतं.

त्यांनी केलेल्या मदतीला आज सगळे एकच नाव देतात, एम असिस्ट, म्हणजे नेमाला मदत. त्यात निदान तीन वेगळ्या युक्त्या आहेत. पहिली घर्षणाची. क्रॉसहेअर शत्रूवरून जाताना दृश्य वळण्याचा वेग आपोआप कमी होतो. गुळगुळीत फरशीवरून घसरताना मध्ये सतरंजी लागावी तसं. नळाच्या भाषेत, बादली काठाजवळ आली की धार आपसूक बारीक होते. दुसरी युक्ती ओढीची. शत्रू क्रॉसहेअरजवळून आडवा पळाला की तुमचं दृश्यही थोडं त्याच्यामागे सरकतं. खात्री करायची असेल तर शत्रूजवळ उभे राहा, डाव्या काठीने नुसते बाजूला चालत राहा आणि उजवीला हात लावू नका. नजर हळूच त्याच्याकडे वळताना दिसेल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्याच डोळ्यांमागे दुसरं कोणीतरी बसलेलं.

तिसरी युक्ती शीर्षकातली. तुमचा नेम थोडक्यात हुकला असेल, तर गोळी निघतानाच तिची दिशा शत्रूच्या बाजूला किंचित वळवली जाते. हे 'किंचित' प्रत्येक शस्त्रासाठी वेगळं आहे. खेळाच्या आत शस्त्रागणिक कोन आणि पल्ला लिहून ठेवलेले असतात: किती अंशांच्या आत मदत करायची, किती अंतरापर्यंत. त्या पल्ल्यात शत्रू आला की क्रॉसहेअर लाल होतो. आम्ही त्या लाल रंगाला 'आता मार' असं समजत होतो. त्याचा खरा अर्थ 'आता मीही मदतीला आहे' असा होता.

आता मघाचं उदाहरण काढा. शत्रू टीव्हीवर ५ सेंटिमीटरच दिसतो, पण घर्षण आणि वाकणारी गोळी मिळून तो हिशेबाला ८-१० सेंटिमीटरचा होतो. डोळ्याला दिसणारी रुंदी तीच, अंगठ्याला भासणारी रुंदी जवळजवळ दुप्पट. फिट्स यांच्या सूत्रातला भाजक खेळाने गुपचूप वाढवला आहे. हीच मदत शत्रूचं चित्र मोठं करून देता आली असती, पण मग जग बटबटीत दिसलं असतं आणि खेळाडूला लबाडी कळली असती.

इथे थोडं भरकटू द्या. हेलो अवकाशातल्या ज्या महाकाय, बांगडीसारख्या गोल कड्यावर घडतो त्याचा व्यास १०,००० किलोमीटर सांगितला आहे. निव्वळ फिरण्यातून तिथे पृथ्वीइतकं वजन भासवायचं, तर कड्याला सुमारे ७५ मिनिटांत एक फेरी घ्यावी लागेल आणि त्याच्या काठाचा वेग सेकंदाला ७ किलोमीटर होईल. (हा हिशेब कॉलेजात फिजिक्सच्या वहीमागे केला होता, परीक्षेत उपयोग शून्य.) अशा फिरत्या कड्यावर गोळी खरोखरच वाकते, कोरिऑलिस परिणामामुळे: फिरत्या जागेवरून बघताना सरळ जाणारी वस्तूही वळताना दिसते. पण सेकंदाला ५०० मीटर वेगाची गोळी १०० मीटर जाईपर्यंत जेमतेम ३ सेंटिमीटर सरकेल. त्याच अंतरावर नुसत्या एका अंशाने वळवलेली गोळी पावणेदोन मीटर सरकते. म्हणजे भौतिकशास्त्राच्या नावावर ही मदत खपवायची सोय नाही.

लबाडीचा आणखी एक नमुना सांगतो, कारण तो बन्जीच्या लोकांनी स्वतःच सांगितला आहे. २००२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ख्रिस बुचर आणि जेमी ग्रीसमर यांनी शत्रूंच्या 'बुद्धी'वर भाषण दिलं. शत्रूंची वागणूक तीच ठेवून त्यांची गोळ्या झेलायची ताकद तेवढी बदलून बघितली, तेव्हा जास्त गोळ्या झेलणारे शत्रू खेळाडूंना जास्त हुशार वाटले. कारण सोपं आहे. शत्रू आडोसा शोधणार, वळसा घालणार, साथीदाराला हाक मारणार, पण तो दोन सेकंदांत मेला तर हे सगळं करणार कधी? अक्कल दाखवायला आधी जिवंत राहावं लागतं.

मग माझं कर्तृत्व काय उरलं? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, आणि उत्तर पुन्हा फिट्स यांच्याच सूत्रात निघालं. भाजक खेळाच्या ताब्यात, पण भाज्य? अंतर? ते माझ्या ताब्यात आहे. क्रॉसहेअर आधीच निम्म्या अंतरावर असेल, तर ४० चे २० होतात आणि तेवढाच एक बिट वाचतो. चांगला खेळाडू नवख्याला पहिली गोष्ट काय शिकवतो? 'जमिनीकडे बघत चालू नकोस, क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर ठेव.' दुसरी गोष्ट, 'कोपऱ्यावर नको, कोपऱ्यातून जिथे माणूस निघेल तिथे धर.' तिसरी, 'अंगठ्याने नेम धरू नको, पायाने धर', म्हणजे डाव्या काठीने स्वतःच बाजूला सरकून शत्रूला क्रॉसहेअरखाली आण. सोफ्यावर बसून दिलेले हे तिन्ही सल्ले अंतर कमी करण्याचे आहेत. फिट्स यांचं नाव तेव्हा आमच्यापैकी कोणीही ऐकलं नव्हतं.

वेळेचा हिशेबही तेच सांगतो. पहिला हेलो सेकंदाला ३० चित्रं दाखवायचा, म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंदांचं. डोळ्याला काही दिसून बोट हलायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तोवर सहा-सात चित्रं उलटून गेलेली असतात. शत्रू दिसल्यावर नेम धरणारा माणूस नेहमीच उशिरा असतो. जो जिंकतो त्याने शत्रू दिसायच्या आधी जागा ओळखलेली असते. बॅट्समन गोलंदाजाच्या मनगटाकडे बघतो ते याचसाठी.

जुने कंट्रोलर या सगळ्यात एक वेगळीच गंमत आणतात. काठीच्या खाली दोन छोटे पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची आठवते? आतला कार्बनचा पट्टा झिजला की ती यायची. काठीचंही तेच. पट्टा झिजला की हात न लावता दृश्य एका बाजूला वाहायला लागतं, नळ ठिबकायला लागावा तसं. म्हणून प्रत्येक खेळ मध्याभोवतीचा थोडा भाग मुद्दाम बहिरा ठेवतो. तो मोठा ठेवला तर ठिबक थांबते, पण बारीक नेम जातो. अलीकडे चुंबकाच्या साहाय्याने, हॉल परिणामावर चालणाऱ्या काठ्या मिळतात. त्यांत घासायला काही नाही. माझ्याकडे अजून जुनाच आहे, किंचित डावीकडे वाहणारा. मी आता न कळत अंगठ्याने ते दुरुस्त करतो, जुनी सायकल एका बाजूला ओढते तेव्हा हँडल धरतात तसं.

तो मामेभाऊ आता न्यू जर्सीत असतो. हेलोचे जुने भाग कॉम्प्युटरवर आल्यापासून आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी खेळतो, तो माउसवर, मी कंट्रोलरवर. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर. केबल सरळ गेली असती तरी जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद ठरलेले. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. माउसला घर्षण आणि ओढ मिळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी मी एखादा चांगला वार केला की तिकडून ठरलेलं वाक्य येतं: 'तुझी गोळी वाकते रे.'

'वाकते,' मी म्हणतो. 'पण तो दगडामागून निघणार हे तुला माहीत होतं का?'

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. रुसवा आहे की सव्वाशे मिलिसेकंद, ते कळायच्या आत तो पुढची फेरी सुरू करतो.