व्हर्च्युअलायझेशन होस्टवरील फायरवॉलचे स्वयंचलन

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे आभासी संगणक (व्हीएम), चालत असतील तर त्या सर्व्हरला होस्ट म्हणतात. कोणती नेटची वाहतूक सोडायची आणि कोणती अडवायची हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला फायरवॉल म्हणतात. होस्टच्या फायरवॉलचे नियम दरवेळी हाताने टाकण्याऐवजी ते फाइलीत लिहून ठेवणे, तपासणे, आपोआप लागू करणे आणि बिघडल्यास जुने नियम परत आणणे, या व्यवस्थेला फायरवॉलचे स्वयंचलन म्हणतात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेकडो होस्टवर एकसारखे नियम ठेवायचे असतात, म्हणून ते करतात. ग्रामीण विदर्भात होस्ट एखादाच असतो. तिथे ते करायचे कारण अंतर हे आहे.

तालुक्याच्या गावातील पतसंस्था, जिनिंग किंवा कॉलेज घ्या. हिशेबाचे टॅली, हजेरी आणि सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग पूर्वी तीन संगणकांवर असे. आता एकाच पेटीत तीन व्हीएम करून बसवता येतात. ती सांभाळणारा माणूस मात्र बहुधा अमरावतीत, अकोल्यात किंवा नागपुरात असतो. धारणीच्या होस्टवर चुकीचा नियम लागला आणि एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची वाट, बंद पडली, की परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा मेळघाटाचा रस्ता धरावा लागतो. तोवर कार्यालयातला कारकून मॉनिटरवरची अक्षरे फोनवर वाचून दाखवत राहतो. त्यामुळे इथल्या स्वयंचलनाचा जीव वेगात नसून माघारी फिरण्याच्या सोयीत आहे.

होस्टची फायरवॉल वेगळी का

साध्या सर्व्हरला स्वतःचे दार राखले की पुरते. होस्ट हे पांदणीवरचे घर आहे: घराचे दार राखायचे, आणि पांदणीने दुसऱ्याच्या वावरात जाणाऱ्या बंडीचीही वाट अडवायची नाही. लिनक्समध्ये होस्टसाठी आलेली पॅकेट्स (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) इनपुट साखळीत, म्हणजे नियमांच्या एका यादीत, तपासली जातात आणि होस्टमधून मार्ग काढून व्हीएमकडे जाणारी फॉरवर्ड साखळीत. व्हीएम ब्रिजवर, म्हणजे होस्टमधल्या आभासी स्विचवर, असतील तर त्यांची पॅकेट्स आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉलपर्यंत पोचतीलच असे नाही. ब्रिज-नेटफिल्टर हे मॉड्यूल चालू आहे की बंद, यावर ते ठरते. याच कारणाने एका होस्टवर नीट चाललेले नियम दुसऱ्यावर व्हीएमचे नेट तोडतात. होस्टवर डॉकर (ॲप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवणारे सॉफ्टवेअर) बसवल्यावर व्हीएम मुके होतात तेही यातलेच, कारण डॉकर फॉरवर्ड साखळीचे मूळ धोरण अडवण्याचे करून ठेवतो.

आयपीटेबल्स २००१ मध्ये लिनक्स २.४ सोबत आले, व्हीएम चालवणारे केव्हीएम २००७ मध्ये २.६.२० मध्ये आणि आयपीटेबल्सची जागा घेणारे एनएफटेबल्स २०१४ मध्ये ३.१३ मध्ये. जुन्या होस्टवर आयपीटेबल्स अजून भेटते. नवे काम एनएफटेबल्समध्येच करावे, कारण त्यात संपूर्ण फाइल एकदम लागू होते: एक ओळ चुकली तर काहीच लागू होत नाही आणि अर्धवट नियमांची अवस्था येत नाही.

लिबव्हर्ट हा व्हीएम सांभाळणारा प्रोग्राम आपल्या मूळ नेटवर्कसाठी १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते वापरतो आणि त्यासाठी लागणारे नियम स्वतः टाकतो. डेबियन या लिनक्सची एनएफटेबल्सची मूळ फाइल मात्र सगळे नियम पुसूनच सुरू होते. ती सेवा चालू होस्टवर रीस्टार्ट केली की लिबव्हर्टचे नियमही जातात. व्हीएम चालू दिसतात, पण त्यांचे नेट गेलेले असते. उपाय असा, की स्वतःचे वेगळे टेबल (नियमांचा गट) करावे आणि स्क्रिप्टने फक्त तेच पुसून पुन्हा भरावे. आपल्या टेबलने सोडलेले पॅकेट पुढे दुसरे टेबल अडवू शकते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवण्याच्या तयार प्रणालीमध्ये फायरवॉल २०१४ च्या ३.३ आवृत्तीपासून आहे. डेटा सेंटर, होस्ट आणि व्हीएम अशा तीन पातळ्यांवर नियम लिहिता येतात आणि फाइली क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या, सगळ्या होस्टवर आपोआप पोचतात. ती चालू केली की होस्टकडे येणारे सगळे अडते. फक्त स्थानिक नेटवर्कातून ८००६ (वेब पान) आणि २२ (एसएसएच) ही पोर्ट उघडी राहतात. कार्यालयात बसून चालू करणाऱ्याला यात काही जाणवत नाही. व्हीपीएनवरून, म्हणजे दुरून खासगी बोगद्याने येऊन, चालू करणाऱ्याने मात्र आपल्या व्हीपीएनचा पत्ता आधी यादीत घातला नसेल, तर त्याला पुन्हा आत येता येत नाही.

माघारीची सोय

आयपीटेबल्ससोबत येणारा आयपीटेबल्स-अप्लाय हा छोटा प्रोग्राम नवे नियम लावतो आणि विचारतो, की या मशीनला नवी जोडणी करता येते का? उत्तर आले नाही तर जुने नियम परत आणतो. प्रश्नातला ‘नवी’ हा शब्द मोलाचा आहे. चालू जोडण्यांना मुभा देणारा नियम बहुतेक फायरवॉलींत असतोच, त्यामुळे दार बंद झाले तरी आधीच उघडी असलेली लॉगिनची खिडकी चालत राहते आणि सगळे ठीक वाटते. चूक कळते ती खिडकी बंद केल्यावर. म्हणून दुसऱ्या खिडकीतून पुन्हा लॉगिन करून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. हा प्रोग्राम एरवी १० सेकंद थांबतो. रेंज येत-जात असलेल्या मोबाइल नेटवर ते पुरत नाहीत. मुदत वाढवून घ्यावी.

एनएफटेबल्ससाठी हीच सोय सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) याच्या टायमरने करतात. आधी जुने नियम जपून ठेवायचे, पाच मिनिटांनी ते परत आणणारा टायमर लावायचा, मग नवे नियम लावायचे. दुरून होस्टची मांडणी करणारा अन्सिबल हा प्रोग्राम जुनी जोडणी तोडून नव्याने जोडून पाहतो आणि जमले तरच टायमर रद्द करतो. टायमर होस्टवरच चालतो, त्यामुळे मध्येच नेट गेले तरी माघार ठरल्या वेळी होतेच.

लाइन आणि नेट

विदर्भात विजेला लाइन म्हणतात. लाइन गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, होस्ट बंद पडला. लाइन आल्यावर तो आपोआप उठतो. पण गावाच्या फायबरचे यंत्र किंवा टॉवर त्याच वेळी उठेल असे नाही. नियमांच्या फाइलीत आयपी पत्त्याच्या आकड्यांऐवजी एखाद्या साइटचे नाव लिहिले असेल, तर एनएफटेबल्स ते नाव फाइल भरतानाच शोधतो. नेट नाही, नाव सापडत नाही, आणि एकदम लागू होण्याच्या गुणामुळे पूर्ण फाइलच नाकारली जाते. होस्ट फायरवॉलविना उघडा उठतो. फाइलीत आकडेच लिहावेत, आणि नियम नेटवर्क चालू होण्याआधी भरले जातील असा क्रम ठेवावा.

भारतनेटचा आरंभ २०११ मध्ये वेगळ्या नावाने झाला. या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा आहे. जिथे ते चालत नाही तिथे सिमकार्डाचा राउटर लावतात आणि त्याला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. बाहेरून होस्टला हाक मारता येत नाही. अशा ठिकाणी दिशा उलटी करतात. होस्टच ठराविक वेळाने गिटमधून (फाइलींच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) नवी फाइल ओढून घेतो. अन्सिबल-पुल हे त्यासाठीच आहे. सोबत होस्टकडून निघालेला वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा असला की दुरून लॉगिनही करता येते. बोगदा जिवंत राहावा म्हणून दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवतात.

शेवटचा आधार होस्टजवळचा कीबोर्ड आणि मॉनिटर. ते कायम जोडलेले असावेत, आणि जुने नियम परत आणणाऱ्या स्क्रिप्टचे नाव चार-पाच सोप्या अक्षरांचे असावे: फोनवर एकेक अक्षर सांगितले तरी कारकुनाला न चुकता टाइप करता येईल असे, आणि मॉनिटरच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलेले.