डिझाइन हॉटेल

डिझाइन हॉटेल : इमारत, खोल्या, फर्निचर, दिवे, रंग, अगदी दाराच्या मुठीसुद्धा एकाच कल्पनेतून घडवलेल्या असतात, असे हॉटेल. इथे माणूस नुसता झोपायला उतरत नाही. मुक्काम हाच प्रवासाचा एक भाग होतो. बोलताना याला सर्रास ‘बुटीक हॉटेल’ही म्हणतात. पण बुटीकमध्ये मोजक्या खोल्या आणि घरगुती अगत्य अपेक्षित असते, तर डिझाइन हॉटेल दोनशे खोल्यांचेही असू शकते. पंचतारांकित असण्याशीही याचा थेट संबंध नाही. तारे मिळतात ते प्रामुख्याने सोयींच्या मोजदादीवर. खोलीत सकाळचे ऊन कुठून येते, याची नोंद त्यात होत नाही.

या प्रकाराचे सर्वांत भक्कम जुने उदाहरण कोपनहेगनमधले. तिथले एसएएस रॉयल हॉटेल 1960 मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद आर्ने याकॉब्सन यांनी इमारत तर आखलीच, शिवाय खुर्च्या, दिवे, कापड आणि दाराच्या मुठीही स्वतःच काढल्या. ‘एग’ आणि ‘स्वान’ या आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या खुर्च्या याच हॉटेलसाठी जन्माला आल्या. पुढे हॉटेलची सजावट बदलत गेली, पण 606 क्रमांकाची खोली मूळ रूपात जपून ठेवली आहे : गडद लाकडाच्या भिंती, निळसर हिरवे कापड आणि त्या गोल कडांच्या खुर्च्या. साठ वर्षांपूर्वीच्या खोलीचे आजही जतन करावेसे वाटते, यातच त्या कामाचे मोल दिसते.

पुढचा मोठा टप्पा न्यूयॉर्कचा. त्याआधी 1978 मध्ये लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल यांचे ब्लेक्स हॉटेल उघडले होते. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल हे दोघे स्टुडिओ 54 या नाइटक्लबचे जुने मालक. त्यांनी 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन्स हॉटेल सुरू केले. आतली रचना फ्रेंच डिझायनर आंद्रे प्युत्माँ यांची. हाताशी पैसा बेताचाच होता, म्हणून न्हाणीघरांत त्यांनी साध्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या, आणि तीच या हॉटेलची ओळख ठरली. उंची संगमरवर न वापरता नुसत्या मांडणीने खोली देखणी होते, हे त्या फरशीने दाखवून दिले. जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरशांवर लहानपणी चौकट मोजत खेळलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. 1988 मध्ये श्रेगर-रुबेल जोडीने डिझायनर फिलिप स्टार्क यांच्याकडून रॉयल्टन हॉटेल करून घेतले. बाहेरच्या लोकांनीही येऊन बसावे, भेटावे अशी लॉबी हे त्यांच्या हॉटेलांचे वैशिष्ट्य.

आपल्या हवामानाला जवळचे उदाहरण मात्र श्रीलंकेतले. वास्तुविशारद जेफ्री बावा यांचे दंबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल कड्याला चिकटून उभे आहे. मूळचा खडक इमारतीच्या आत तसाच राहू दिला आहे आणि दर्शनी बाजूवर वेलींची दाट झालर सोडली आहे. मोकळ्या मार्गिकांतून वारा वाहतो. सह्याद्रीच्या कुशीत बांधणाऱ्याने अभ्यास करावा तो याचा.

सह्याद्रीच्या कुशीतल्या साताऱ्याचेच पाहा. इथे ‘रूम मिळेल का?’ हा प्रश्न सर्वाधिक ऐकू येतो तो ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. कास पठाराचा 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात समावेश झाला. फुलांचा हंगाम, ठोसेघरचा धबधबा आणि यवतेश्वरचा घाट चढून जाणारी हिल मॅरेथॉन यांमुळे एसटी स्टँड, पोवई नाका, बाँबे रेस्टॉरंट चौक या भागातली हॉटेले भरून जातात. सोय बहुतेक ठिकाणी नीट असते. पण खोलीत शिरल्यावर आपण साताऱ्यात आहोत हे कळावे, असे क्वचितच काही दिसते. पांढरी चादर, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, भिंतीवर कुठल्या तरी परदेशी शहराचे चित्र. हीच खोली हुबळीतही असते, सुरतेतही. मोती चौकात कंदी पेढ्यांच्या दुकानांपुढची गर्दी ओलांडून आलेल्या पाहुण्याला रात्री हे परकेपण जाणवते.

वास्तविक साताऱ्याकडे सामग्रीची वाण नाही. काळ्या दगडाचे जोते, मधला चौक, ओसरी, सागवानी खांब, भिंतीतल्या देवळ्या ही इथल्या वाड्यांची भाषा. जुनी वास्तू नव्या कामाला लावण्याची सवयही शहराला आहे. जुन्या राजवाड्यात वर्षानुवर्षे प्रतापसिंह हायस्कूल भरले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या याच शाळेच्या पटावर आले. केंद्र सरकारच्या हॉटेल वर्गीकरणात 1950 पूर्वीच्या वास्तूंसाठी ‘हेरिटेज’ हा स्वतंत्र वर्ग आहे. पडझडीला आलेल्या एखाद्या वाड्याला त्याचा आधार मिळू शकतो.

खोली म्हणजे काय, हे शिकायला जवळची जागा म्हणजे लिंब गावची बारामोटेची विहीर. विरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. नावाप्रमाणे तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालत. मुख्य विहीर आणि तिला जोडलेली लहान विहीर यांच्या मध्ये खांबांचा छोटा महाल आहे. भर वैशाखात पायऱ्या उतरून कमानीतून आत गेले की उन्हाचा तडाखा मागे राहतो. खालच्या पाण्याचा गारवा वर येतो, उजेड हलका पसरतो, खांबांवरची शिल्पे हळूहळू उमटू लागतात. पंखा नाही, एसी नाही. जाड दगड, विहिरीचा खोलपणा आणि पाणी यांचाच हा मेळ. साताऱ्यात उत्तम हॉटेल बांधू पाहणाऱ्याने आधी इथे एक दुपार बसून यावे.

मुक्काम करणाऱ्याने काही गोष्टी आधीच विचारलेल्या बऱ्या. खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत ठेवण्याची फॅशन डिझाइन हॉटेलांत बोकाळली आहे. आई-वडिलांना, मुलांना घेऊन उतरणाऱ्या कुटुंबाची त्याने कुचंबणा होते. हा रचनेतला दोष आहे, आधुनिकपणा नव्हे. दिवे इतके मंद असतात की आजोबांना गोळ्यांची पाकिटे ओळखता येत नाहीत. पलंगाजवळचे बटण कोणत्या दिव्याचे, हे सहज कळले पाहिजे. गरम पाणी ठरावीक वेळेतच येते की दिवसभर, खाली मंगल कार्यालय आहे का, खिडकी महामार्गावर उघडते की मागे, हेही फोनवरच विचारून घ्यावे.

साताऱ्यात दक्षिणेकडची खोली मागावी. खिडकीत अजिंक्यतारा येतो. पावसाळ्यात ढग उतरले की किल्ला पार दिसेनासा होतो, आणि पाऊस ओसरताना सर्वांत आधी वरचा दूरदर्शनचा मनोरा मोकळा होतो, मग हळूहळू तटाची काळी रेघ.