मरळीचं रीळ खाडीवर नेण्याआधी

गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मरळीसाठी वापरतो तेच बेटकास्टिंग रीळ, म्हणजे मासे धरायच्या गळाचा दोर गुंडाळणारं यंत्र, कोकणातल्या खाडीत जिताडा किंवा तांबोशी धरायला चालेल का? चार दिवस नक्की चालेल. खाडीवर ते नीटच फिरतं. खराब होतं ते बहुतेक वेळा घरी आल्यावर, खुंटीला टांगलेलं असताना. म्हणून खाऱ्या पाण्यासाठी रीळ घेताना ते किती लांब फेकतं यापेक्षा मीठ त्याच्या आत काय करेल, हे आधी पाहावं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार फटीत राहतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळतं; समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत न धुतलेलं रीळ ठणठणीत वाटतं. मृग-आर्द्रात हवा दमट झाली की आतला क्षार ओला होतो, आणि पोळ्याच्या सुमारास काढावं तर हँडल जाम झालेलं असतं.

हा ओला क्षार दोन वेगळ्या धातूंमध्ये आला की तिथे छोटा विद्युतघट तयार होतो आणि ज्या धातूचं विभव (विद्युत पातळी) कमी तो झिजत जातो. मॅग्नेशियमचं प्रमाण विभव उणे २.३७ व्होल्ट, अॅल्युमिनियमचं उणे १.६६, लोखंडाचं उणे ०.४४, तांब्याचं अधिक ०.३४. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची हलकी, महागडी रिळं खाऱ्या पाण्याला नकोत, ती याचमुळे. अॅनोडाइझ केलेली, म्हणजे वर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेली अॅल्युमिनियमची फ्रेम चांगली, पण ओरखडा पडला की क्लोराइड तिथून आत शिरतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसणं ही त्याची पहिली खूण. ग्रॅफाइटची फ्रेम गंजत नाही, मात्र मोठ्या माशाच्या ओढीत वाकते आणि दाते नीट बसत नाहीत. जिताड्यासाठी अॅल्युमिनियमची फ्रेम आणि पितळेचा मुख्य गिअर ही जोडी आम्हांला सगळ्यांत भरवशाची वाटते.

खोक्यावरच्या ‘१२ बेअरिंग’ला भुलू नये. प्रत्येक बेअरिंग ही मीठ अडकण्याची आणखी एक जागा असते. झाकणं असलेली स्टेनलेसची चार-पाच पुरेत. स्टेनलेसही गंजतं, कारण बेअरिंगला लागणारं कठीण स्टेनलेस क्लोराइडपुढे फार टिकत नाही. दोर डावी-उजवीकडे पसरवणारा लेव्हलविंडचा आट्यांचा दांडाही बघून घ्या. तो उघडा असतो, वाळू आणि मीठ आधी तिथेच बसतं. तो सहज काढून पुसता येत नसेल तर ते रीळ सोडून द्या.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा दोर थोडा थोडा सुटू देणारा चकत्यांचा ब्रेक. त्याचा हिशेब सोपा आहे. ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, साधारण साडेतेरा किलोच्या ओढीला तुटतो. ड्रॅग त्याच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे साडेतीन-चार किलोवर लावायचा. दोराला ताणकाटा बांधून ओढा आणि स्पूल (दोर गुंडाळलेली फिरकी) सुटताना आकडा वाचा. खोक्यावरचा आकडा पूर्ण आवळलेल्या ड्रॅगचा असतो, म्हणून तो सहा-सात किलो तरी हवा. चकत्या कार्बन फायबरच्या घ्या. फेल्टच्या (नमद्याच्या) चकत्या सुटताना आधी अडकतात आणि मग एकदम निसटतात. जिताडा उसळी मारतो त्या क्षणी दोर तुटतो तो याच झटक्याने.

गिअर गुणोत्तराचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतं त्याचं, थोडक्यात. ३४ मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलवर ६.३:१ गिअर असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ६७ सेंटिमीटर दोर येतो. आठच्या वरचं गुणोत्तर वेगाला छान, पण जड मासा खेचताना हात भरून येतो. खाडीसाठी सहाच्या आसपास ठेवा.

समोरून वारा आला की आमिषाचा वेग हवेत लवकर पडतो, स्पूल मात्र त्याच जोरात फिरत राहतं आणि दोराचा गुंता होतो. चुंबकी ब्रेक त्याला आवर घालतो. स्पूलमध्ये प्रेरित झालेले भोवरी प्रवाह गतीला विरोध करतात, म्हणून वेग जास्त तितका अडसर जास्त. ब्रेक वाढवून सुरुवात करा. पीक निघालेल्या वावरात १५-२० ग्रॅमचं वजन फेकून अंगठ्याचा अंदाज घ्या. वाऱ्याच्या विरुद्धही फेका, खाडीवर तेच करायचं आहे.

आता धुणं, ज्यावर सगळं अवलंबून आहे. त्याच संध्याकाळी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी जाणार नाही. मग गोड पाण्याची हलकी धार एक-दोन मिनिटं फिरवा. जोराचा पाइप लावू नका आणि बादलीत बुडवू नका. त्याने मीठ निघण्याऐवजी आत ढकललं जातं. जमिनीतलं पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे दर्यापूर, संग्रामपूरसारख्या पूर्णा खोऱ्यातल्या गावांतल्यांनी, बोअरच्या पाण्याने रीळ धुऊच नये. ते पाणी वाळल्यावर स्वतःचे क्षार मागे ठेवतं. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं एक लिटर पाणी पुरतं. ब्रेडच्या आत खारं पाणी धरलेलं असतं, म्हणून भिजलेला भाग उलगडून वेगळा धुवा, नाहीतर खालचं स्पूल खड्डे पडून खराब होतं. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग सैल करा.

बेअरिंगला पातळ तेलाचा एकेक थेंब, गिअरला ग्रीस. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकमार्गी बेअरिंगला मात्र ग्रीस लागू देऊ नका. त्यातले रोलर घसरतात आणि मासा ओढत असतानाच हँडल मागे फिरतं. तिथे पातळ तेलाचा पुसट हातच पुरे.