मांजरीच्या पिल्लांचे घरगुती संगोपन (नागपूर)

आईपासून दुरावलेली, साधारणतः आठ आठवड्यांखालील मांजराची पिल्ले घरात ठेवून वाढविण्याची रीत. नागपुरात अशी पिल्ले बहुधा जुन्या घरांचे माळे, गच्चीवरच्या अडगळी आणि बंद ठेवलेले कूलर येथे आढळतात. दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. भाटी (मादी मांजर) भक्ष्यासाठी पिल्लांना सोडून काही वेळ दूर जाते आणि धोका वाटल्यास एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते; ‘मांजर पिल्लांना सात घरे फिरवते’ हा समज त्यातूनच आला असावा. म्हणून पिल्ले उचलण्यापूर्वी दुरून वाट पाहणे इष्ट ठरते.

माणसाने पिल्ले वाढविण्याची प्रथा किती जुनी, याविषयी मतभेद आहेत. पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजरापासून (फेलिस लिबिका) उत्पन्न झाले, हे २००७ मधील जनुकीय अभ्यासानंतर सामान्यतः मान्य झाले आहे. सायप्रसमध्ये सु. ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी सु. आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा मिळाला. रानातून आणलेली पिल्ले हाताने वाढविता वाढविता मांजर पाळीव झाले, असे एक मत. धान्यावरच्या उंदरांमागे ते स्वतःच वस्तीत आले, हे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण सायप्रसचा पुरावा एखादे मांजर माणसाळले होते एवढेच दाखवितो. सिंधमधील चन्हुदडो येथील हडप्पाकालीन विटेवर मांजर व त्यामागे धावणारा कुत्रा यांची पावले उमटली आहेत असे उत्खननकारांनी मानले. तथापि ते मांजर घरचे की रानचे, हे विटेवरून ठरत नाही.

जन्मतः पिल्लाचे वजन सु. १०० ग्रॅ. असते व ते दररोज १०–१५ ग्रॅ. वाढते. डोळे बहुधा ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिल्या आठवड्यात शरीराचे तापमान ३५–३७° से. असते आणि पिल्लाला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. गारठलेल्या पिल्लाचे आतडे मंदावते. त्याला दूध पाजल्यास ते पचत नाही, क्वचित फुप्फुसातही जाते. आधी ऊब, मग दूध, हा क्रम यासाठीच. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा १०° से.खाली उतरतो, तेव्हा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली लागते. मे महिन्यात ४५° से.च्या आसपास प्रश्न उलटा होतो: पिल्लाच्या अंगातले पाणी कमी होते. तरीही खोके कूलरच्या थेट झोतात ठेवू नये.

दुधाबाबत रूढ स्पष्टीकरण असे, की गाईच्या दुधातील दुग्धशर्करेने पिल्लांना हगवण लागते. ते पूर्ण नव्हे. मांजरीच्या दुधातही दुग्धशर्करा असते व तिचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा फारसे कमी नसते. मोठा फरक प्रथिनांचा आहे: मांजरीच्या दुधात सु. ७%, गाईच्या ३ ते ३.५%, म्हशीच्या सु. ४%. त्यामुळे गाईच्या दुधाने पोट भरले तरी वाढ खुंटते, आणि ते पाणी घालून पातळ केल्यास उणीव अधिकच वाढते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असला तरी प्रथिनांची तूट भरून निघत नाही. पिल्लांसाठीची तयार दूधभुकटी हाच सध्या सर्वांत सुरक्षित पर्याय होय. ती पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पोटावर ठेवून पाजतात. पाठीवर उताणे धरून कधीही नाही. साधारण तीन आठवड्यांपर्यंत प्रत्येक वेळी ओलसर कापसाने खालचा भाग चोळावा लागतो, कारण शी-शू आपोआप होत नाही. घन आहार चौथ्या आठवड्यापासून.

आईपासून केव्हा वेगळे करावे, यावर एकमत नाही. रूढ मर्यादा आठ आठवड्यांची. फिनलंडमधील २०१७ च्या पाहणीत आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक दिसला आणि चौदा आठवड्यांपर्यंत थांबण्याची शिफारस करण्यात आली. ती पाहणी मालकांच्या उत्तरांवर आधारित असल्याने मोहल्ल्यातील मांजरांना जशीच्या तशी लावता येत नाही. बारा आठवडे आईजवळ ठेवणे हा मध्यम मार्ग बरा. माणसाची सवय मात्र दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातच लागते, म्हणून आई असतानाही पिल्लांना रोज हाताळणे उपयुक्त. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा करतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

शहराबाहेरच्या शेतांत सापडणारी पट्टेदार पिल्ले कधी कधी बाऊल या रानमांजराची असतात. त्यांचे पट्टे वयाबरोबर फिके होतात, त्यामुळे लहानपणी घरच्या पिल्लांशी गफलत होणे सोपे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ती घरी ठेवता येत नाहीत. आई परत येण्याची शक्यता असते, म्हणून पिल्ले जागच्या जागी ठेवून वन विभागाला कळवावे.