१४५६७ वर फोन केला की पैसे मागतात म्हणे? खुलासा

सोलापुरात विडी घरकुलकडं परत तोच मेसेज फिरतोय, की १४५६७ ही कुठल्यातरी संस्थेची लाइन आहे, म्हाताऱ्या माणसांनी फोन केला की आधी देणगी मागतात. तसलं काही नाहीये हो. १४५६७ म्हणजे एल्डरलाइन, म्हाताऱ्या माणसांसाठीची मदतीची लाइन, ती केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याची आहे, अटल वयो अभ्युदय योजनेच्या सरकारी पैशातून चालते, कॉल फ्री, सकाळी ८ ते रात्री ८. मारहाण, घराबाहेर काढणं, पेन्शनचं एटीएम कार्ड सुनेच्या पर्समध्ये (लेकाच्या खिशातपण असतंच की, सुनेलाच कशाला नाव ठेवायचं) सगळं सांगता येतं. पोटगी मात्र वेगळी, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, महिन्याला १० हजारापर्यंत मिळू शकते, पण ती लेकरांनी द्यायची, सरकारनं नाही.